साळूआत्याचं तिसरं 'नको'

एका जंगलात, बाळांनो, मरायची फार गैरसोय होती.

जगायची सोय बरी होती. पाणी होतं, चारा होता, राजा होता. राजा बहुतेक वेळ झोपलेला असायचा, म्हणून शांतताही होती. पण एखादं जनावर म्हातारं होऊन अंथरुणाला खिळलं, की त्याचे हाल कुत्रा खात नसे. आणि जंगलात कुत्रा नव्हताच. त्यामुळे हाल तसेच पडून राहायचे.

त्यात भर म्हणजे नातेवाईक. नातेवाईक फार प्रेमळ होते.

दोंदू गव्याचंच घ्या ना. दोंदू आता उठत नाही हे सगळ्यांना कळलं होतं. दोंदूलाही कळलं होतं. तरी वैदू अस्वलाने सांगितलं, काडेचिराईताचा काढा पाजत राहा. दोंदू म्हणाला, "नको." मुलं म्हणाली, "बाबा, एकच घोट." दोंदू म्हणाला, "अरे, नको." सुना म्हणाल्या, "मामंजी, आमच्यासाठी." दोंदूने तोंड फिरवलं, तर धाकट्या मुलाने ते हाताने सरळ केलं. दोंदूचा शेवटचा शब्द 'न' असा होता. 'को' काढ्यात बुडाला.

सगळं जंगल हळहळलं. म्हणालं, "गेला. पण मुलांनी सेवा मात्र मनापासून केली हो."

हे काही चांगलं नाही, असं तिघांना वाटलं. ते तिघे लांबच्या जंगलात शिकून आले होते. पहिले डॉक्टर धनेश. चोच एवढी मोठी, की ते बोलायला लागण्यापूर्वीच समोरच्याला पटलेलं असायचं. दुसरे बगळेबुवा. ते एका पायावर उभे राहून मनःशांती शिकवत. आणि तिसरी हरिणीताई. वयाने लहान, डोळे मोठे. रुग्णाची इच्छा विचारून घेणं हे तिचं शास्त्र.

तुम्हाला वाटेल, आता मी या तिघांची टिंगल करणार. तर तसं नाही. तिघे भले होते. त्यांनी टेकडीवर, वारा येतो अशा जागी, 'निवांत कुटी' बांधली. डॉक्टर धनेशांनी कुठल्याशा मुळीचा लेप तयार केला. तो लावला की दुखणं जात नसे, पण दुखायचं थांबत असे. हे फार मोठं काम आहे, बाळांनो. तुमचं अजून काही दुखलेलं नाही म्हणून तुम्हाला कळणार नाही.

आणि दोंदूची आठवण ठेवून त्यांनी कुटीच्या दारावर एक पाटी लावली:

'नको म्हणजे नको.'

उद्घाटनाला राजा आला. त्याने वेल कापली. म्हणाला, "अशी कुटी प्रत्येक टेकडीवर व्हावी, आणि तिची गरज कोणालाही न पडो." आत न डोकावता तो परत गेला. अशा जागी आत डोकावणं अशुभ असतं, असं त्याला राणीने सांगून ठेवलं होतं.

पाटी वाचून म्हाताऱ्या जनावरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कोणीतरी ऐकणार होतं.

आणि मग कुटीत साळूआत्या आली.

साळूआत्या म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, स्वभाव मात्र लोण्यासारखा. दरीत एका जुन्या उंबराच्या बुंध्याशी तिचं बीळ होतं. तिच्या पोटात काहीतरी कुरतडत होतं, आणि ते आता थांबणार नव्हतं. उंबराचा हा बहर संपेस्तोवर, असं वैदू भाच्याच्या कानात म्हणाला होता. भाचा हे कोणाला सांगणार नव्हता. आत्याने ते बिळातूनच ऐकलं होतं, आणि आपण ऐकलंय हे ती भाच्याला सांगणार नव्हती. अशी सगळी समजूतदार मंडळी.

भाचा म्हणाला, "आत्या, टेकडीवर जायचं ना? चांगली सोय आहे तिथे."

आत्या म्हणाली, "तू म्हणशील तसं."

आता साळूआत्याची एक गोष्ट सांगायला हवी. ती जन्मात कधी 'हो' म्हणाली नव्हती. लहानपणी आई पहिला घास भरवायला आली तेव्हाही म्हणे तिने मान हलवली होती. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा भटजींनी काही विचारलं नाही, म्हणून संसार तरी झाला. विचारलं असतं, तर "नको, कशाला उगीच" म्हणून आत्या घरी परतली असती.

पण त्या जंगलात 'नको' म्हणायची एक रीत होती. पहिलं नको ओठांचं. दुसरं नको वळणाचं. तिसरं नको पोटाचं. वाढणाऱ्याने पहिली दोन ऐकायचीच नसतात. ज्याला ही रीत ठाऊक असते त्याच्या घरचा पाहुणा जेवून उठतो. ज्याला नसते त्याच्या घरची नवी सून अर्धपोटी उठते, आणि सगळे म्हणतात, हिचा आहार फार कमी आहे हो.

हरिणीताईला ही रीत चांगली ठाऊक होती. ती याच जंगलातली. तिच्या आईने तिला असंच 'घे गं, घे गं' म्हणून वाढवलं होतं. पण आता ती शिकली होती. आणि दारावर पाटी होती.

ती आत्याजवळ बसली. गोड आवाजात म्हणाली, "आत्या, सावरीच्या कापसाची गादी घालू का?"

"नको गं बाई. जमीन काय वाईट आहे?"

गादी गेली.

"थोडी रताळ्याची खीर? मध घालून केलीय."

"नको, नको. दुसऱ्या कोणाला दे."

खीर दुसऱ्या कोणाला गेली. ते दुसरे कोणी म्हणजे शेजारच्या खाटेवरचे हुप्पेबाबा वानर. हुप्पेबाबा प्रत्येक गोष्टीला 'आण' म्हणत. गादी आण, दुलई आण, खीर आण. आले तेव्हा काडी होते. आता त्यांना कूस बदलायला दोघे लागत.

"भेटायला कोणाला बोलावू का?"

"कशाला कोणाला त्रास?"

कोणालाच निरोप गेला नाही.

मग हरिणीताईने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. त्याच्यासाठी ती खास शिकली होती. डोळ्यांत डोळे घालून, मध्ये थोडं थांबून विचारायचा असतो तो. "आत्या, तुम्हाला शेवटपर्यंत कुठे राहायला आवडेल? इथे? की घरी?"

बाळांनो, साळूआत्याला घरी जायचं होतं.

उंबराखाली जायचं होतं. बहर आला की दिवसभर बिळाच्या छतावर पिकली उंबरं पडतात. थप्. मग थोडं थांबून, थप् थप्. ते ऐकत पडायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं, म्हणजे खरंच नको होतं. हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. आणि ओठांवर, सवयीप्रमाणे, आधीच 'नको' बसलेलं होतं.

"घरी नको," ती म्हणाली. "इथे बरं आहे. तुम्हा लोकांना कशाला धावपळ?"

आणि ती वाट बघत बसली. आता ही मुलगी म्हणेल, असं कसं आत्या. मग आपण म्हणू, अगं नको. मग ती म्हणेल, मी नेतेच तुम्हाला. मग आपण म्हणू...

हरिणीताई उठली. अदबीने मान लववली आणि गेली. आत्याची इच्छा तिने अगदी तंतोतंत मानली होती.

हुप्पेबाबा खीर चाटत म्हणाले, "अहो आत्या, हो म्हणा की. फुकट आहे सगळं."

"सवय नाही हो," आत्या म्हणाली.

मग बगळेबुवा आले. त्यांच्याकडे स्पर्शाने धीर देण्याचं काम होतं. ते एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि आत्याच्या पाठीवर पंख ठेवला. नंतर बरेच दिवस ते दोन्ही पायांवर उभे राहून पंखाला लेप लावत होते.

"लागलं का हो?" आत्याने कळवळून विचारलं.

"वेदना हा मनाचा खेळ आहे," बगळेबुवा म्हणाले. "जरा तो लेप इकडे सरकवा."

दिवस जात होते. आत्याचं दुखत नव्हतं. पण ती दिवसभर दारातून खाली दरीकडे बघत असे. खात नसे. बोलत नसे. तिघा तज्ज्ञांना काळजी वाटू लागली. खरीखुरी काळजी. त्यांनी बैठक घेतली.

डॉक्टर धनेश म्हणाले, "मला कळत नाही. तिची एकही इच्छा आपण मोडलेली नाही."

बगळेबुवा म्हणाले, "आसक्ती सुटलीय. उत्तम लक्षण आहे."

हरिणीताई हळूच म्हणाली, "मी पुन्हा एकदा विचारू का?"

"पुन्हा?" डॉक्टर धनेशांची चोच वर झाली. "ताई, पुन्हा विचारणं म्हणजे दबाव. दोंदूला विसरलात?"

दोंदूला हरिणीताई विसरली नव्हती. तो तिच्या आईच्या माहेरचा होता.

त्याच दिवशी, दुपारची जेवणं उरकली होती तेव्हा, खालून आरडाओरडा ऐकू आला.

"कुठे लपलीय ती साळी? बाहेर काढा तिला!"

टेकडी चढून खवलीमावशी येत होती. खवली म्हणजे खवले मांजर. ती साळूआत्याची शेजारीण. त्याच उंबराच्या पलीकडच्या बाजूला तिचं बीळ. दोघींचं आयुष्यभर एकच भांडण होतं, आणि ते असं. उंबर खाली पडलं की साळू म्हणायची, माझं. खवली म्हणायची, उंबर तुझं असेल, आतले किडे माझे. आता उंबर न फोडता किडे कसे काढायचे, आणि फोडलेलं उंबर साळूने का घ्यायचं? म्हणून पडेल त्या प्रत्येक उंबरावर नवं भांडण व्हायचं. दोघींच्या सासवा गेल्या, नवरे गेले, मुलं पांगली. पण भांडणात खंड पडला नव्हता.

बगळेबुवा दारात आडवे आले. "माई, इथे शांतता पाळावी लागते. आणि रुग्णाने भेटायला कोणी नको म्हटलंय."

"तिने म्हटलं? आणि तुम्ही ऐकलंत?"

"पाटी वाचा," बगळेबुवा म्हणाले.

खवलीला वाचता येत नव्हतं. तिने वाद घातला नाही. उंबरठ्यावर बसली आणि अंगाचा गोळा करून घेतला. खवले मांजराने एकदा गोळा केला की तो वाघालाही सुटत नाही. तज्ज्ञ तर तज्ज्ञच. त्यांनी ढकलून बघितलं. मग शास्त्रोक्त ढकलून बघितलं. शेवटी ढकलता ढकलता गोळा घरंगळला तो थेट आत, साळूआत्याच्या शेजारी जाऊन थांबला. गोळ्यातून तोंड बाहेर आलं.

"निजलीयेस होय गं, महाराणीसारखी? तिकडे सगळी उंबरं सडून चाललीत."

साळूआत्याने मान वळवली. किती दिवसांनी तिच्या काट्यांची सळसळ झाली. "सडतील कशी? तू आहेस ना हावरट, फोडायला."

"फोडली नाहीत मी."

"का?"

"वा गं वा! मी फोडायची आणि तू परत आल्यावर म्हणायचं, माझ्या मागे चोरून खाल्लीस. मला नाही ते ऐकून घ्यायचं. तू समोर बस, मग फोडते."

साळूआत्या दारातून दरीकडे बघत राहिली.

"घरी चल," खवली म्हणाली.

"नको."

"चल म्हणते ना."

"नको गं. एवढी शिकलेली मंडळी करतायत इथे. बरं दिसतं का?"

हरिणीताई पुढे आली. म्हणाली, "मावशी, त्या दोनदा नको म्हणाल्या."

"दोनदाच ना?" खवली म्हणाली. "मग अजून विचारलंयस कुठे?"

हुप्पेबाबांनीसुद्धा चाटायचं थांबवलं.

हरिणीताईने दारावरच्या पाटीकडे बघितलं. मग डॉक्टर धनेशांकडे बघितलं. मग तिला आपली आई आठवली, हातात पळी घेतलेली. ती आत्यासमोर खाली बसली. शिकवलेलं सगळं विसरून, न थांबता, भरभर म्हणाली, "आत्या, चला ना घरी. मी नेते तुम्हाला. लेप लावायला रोज खाली येईन. मला काही त्रास नाही. चला."

साळूआत्याचे डोळे भरले. ती म्हणाली, "तुला खरंच त्रास नसेल तर..."

बाळांनो, त्या घराण्यात याहून मोठं 'हो' आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर धनेश पुढे झाले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांची चोच उघडली ती तशीच मिटली, आणि त्यांनी लेपाचं भांडं उचलून हरिणीताईच्या हातात दिलं. मोठ्या माणसाने चूक कबूल करायची हीही एक रीत आहे.

"मलापण न्या," हुप्पेबाबा ओरडले.

"कुठे?"

"जिथे खीर जाईल तिथे."

दोंदू गव्याच्या मुलांनी साळूआत्याला पाठीवरून खाली नेलं. पाठीवर साळिंदर बसवून चालणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. पण ती हूं की चूं न करता चालली. तीही कोणाचं तरी ऐकायचं राहून गेलेली मुलं होती.

उंबराचा बहर अजून होता. आत्या बिळात पडली. छतावर थप् झालं. ती म्हणाली, "हे माझ्या बाजूला पडलं." बाहेरून खवली म्हणाली, "बहिरी झालीस. माझ्या बाजूला." झालं. गाडी रुळावर आली.

हरिणीताई रोज खाली येऊन लेप लावून जायची. लेपाने दुखणं थांबायचं, आणि भांडणाने बाकीचं. सगळं जंगल आत्याला धीर द्यायला लांबून हात जोडायचं. एक खवली मात्र तिला खेटून बसायची. खवल्यांना काटे टोचत नाहीत.

खीर भरवायलाही तीच.

"घे."

"नको."

"घे म्हणते ना."

"अगं, नको."

"गिळतेस का आता?"

मग आत्या गिळायची, आणि वर म्हणायची, "मध कमी आहे."

असे बरेच चमचे झाले. मग एका सकाळी, चांगलं ऊन पडलं होतं, खवलीने चमचा पुढे केला. आत्या म्हणाली, "नको." खवली म्हणाली, "घे." आत्या म्हणाली, "नको." खवलीने चमचा ओठांना लावला. आत्याने तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "नको गं."

खवलीने चमचा खाली ठेवला.

बाहेर उंबर पडलं. थप्. दोघींनी ऐकलं. कोणाच्या बाजूला पडलं, हे दोघींपैकी कोणीच बोललं नाही. दुसरं पडलं ते एकट्या खवलीने ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, तज्ज्ञांचं पुढे काय झालं? तज्ज्ञ शिकले ना, बाळांनो! तज्ज्ञ नेहमी शिकतात. तेच तर त्यांचं कौतुक.

सगळ्या जंगलांची मोठी परिषद भरली. तिथे डॉक्टर धनेशांनी 'तीन नकोंची पद्धत' मांडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बगळेबुवा त्या आनंदात दुसऱ्या पायावर उभे राहिले. कुटीवरची पाटी बदलली. नवी पाटी अशी: 'नको म्हणजे आणखी दोनदा विचारा.' एक स्वतंत्र आग्रह विभाग उघडला. हरिणीताई म्हणत होती, "अहो, मोजायचं नसतं ते, ओळखायचं असतं." पण ओळखायचं कसं, ते तिला सभेत मांडता आलं नाही. मोजायचं कसं, ते सगळ्यांना लगेच आलं.

पहिला रुग्ण म्हातारा वाघ होता. त्याला म्हणाले, "रताळ्याची खीर घ्या." वाघ म्हणाला, "नको." पुन्हा म्हणाले, "घ्या हो." वाघ म्हणाला, "नको." तिसऱ्यांदा विचारायला जो गेला, तो आग्रह विभागाचा प्रमुख होता. ती जागा मग रिकामी झाली.

त्या जागेसाठी त्यांनी खवलीमावशीला विचारलं. खवली म्हणाली, "नको." तेव्हा मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पदाच्या बाबतीत पहिलंच नको खरं धरायचं, असा पोटनियम होता. लगेच एका कोल्ह्याची नेमणूक झाली. त्याने एकदाही नको म्हटलं नव्हतं.

खवली उंबराखाली बसून असते. थप् होतं. उंबर पडतं, ते साळूच्या बाजूला. पिकलेलं, आत किडे वळवळणारं. खवली त्याच्याकडे बघते. "हं," म्हणते, "तुझंच आहे, घे." आणि थोडा वेळ थांबते. कोणीच 'नको' म्हणत नाही. मग ते उंबर तसंच राहतं.

परवा हरिणीताई सहज खाली आली होती. तिने ते पडलेलं उंबर उचललं आणि म्हणाली, "मावशी, हे माझं."

खवलीने तिला खालून वर न्याहाळलं. मग तिच्या खवल्यांची जोरात खडखड झाली. "तुझं? कालची पोर तू! आतले किडे कोणाचे?"

तात्पर्य: सगळ्यांशी गोड वागू नये. गोड वागलेल्यांचं 'नको' सगळ्यांना खरं वाटतं. तज्ज्ञ हवेतच, लेपही हवा. पण त्याआधी, हातपाय धड आहेत तोवर, निदान एका शेजारणीशी तरी जन्मभर पुरेल असं भांडण काढून ठेवावं.